मदत हवी आहे: .308 च्या पुंगळ्या दर वेळी ट्रिम कराव्यात (कापून आखूड कराव्यात) का?

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये राहतो, दोन वर्षांपासून रायफलची .308 विंचेस्टर काडतुसं वापरलेल्या पुंगळ्यांत नवी दारू-गोळी घालून घरीच भरतो. (आईला फोनवर "दारू मोजतोय" म्हणालो तर ती घाबरलीच होती.)

काल चार वेळा वापरलेल्या वीस पुंगळ्या फुल-लेंग्थ साइझिंगनंतर (अख्खी पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापात आणल्यावर) कॅलिपरने मोजल्या. बहुतेक 2.010 इंचांच्या आसपास, पण तीन 2.018 निघाल्या. कमाल मर्यादा 2.015, म्हणून त्या तीन लगेच बाजूला ठेवल्या. लांब मान (पुंगळीचा गोळी धरणारा भाग) चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, पुढच्या कडेला अडकली की गोळी आवळली जाते, सुटायला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो, एवढं मला ठाऊक आहे.

आता प्रश्न. मर्यादेच्या आतल्या पुंगळ्याही सगळ्या 2.005 वर आणून एकसारख्या कराव्यात का? मी क्रिंप करत नाही (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळत नाही). मग 100 यार्डांवर ग्रुपमध्ये (गोळ्या किती जवळजवळ लागतात त्यात) खरंच फरक दिसतो, की नुसतं मनाचं समाधान? मला तर मानेची पकड सारखी असणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरं म्हणजे, त्या तीनपैकी एकीच्या बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसतंय. वाकवलेल्या पेपरक्लिपचं टोक आतून फिरवलं तर तिथे हलकीशी खाच लागते, म्हणजे भिंत पातळ होऊन पुंगळी तिथून तुटायला आलीय. ती मी पक्कडीने चेपून भंगारात टाकणार आहेच. पण त्याच लॉटच्या बाकीच्या पुंगळ्यांचं काय? तुम्ही सगळा लॉट काढून टाकता, की एकेक तपासून पुढे वापरता?