सर्कस ट्रेन, एचओ स्केल: फ्लॅटची झोळी झाली आणि गाडा फटीत अडकतो

कातरकाम

नमस्कार मंडळी. आधी शब्दांचा घोळ मिटवते. रेल्वेच्या सपाट डब्याला मी फ्लॅट म्हणतेय आणि त्यावर चढवतात त्या घोडे जुंपायच्या गाडीला गाडा. दोन्हींना वॅगन म्हटलं की माझंच डोकं फिरतं.

१९२०-३०च्या काळातली अमेरिकन सर्कस ट्रेनचं मॉडेल करतेय, एचओत, म्हणजे खऱ्याच्या सुमारे १/८७ मापात. सगळं स्क्रॅच, म्हणजे स्वतः कापून-जोडून. विकतचे फक्त ट्रक (डब्याखालच्या चाकांच्या चौकटी) आणि कपलर (डबे जोडायचे हूक). पहिला फ्लॅट ७२ फुटी, म्हणजे एचओत २५२ मिमी लांब, ३५ मिमी रुंद. १ मिमी स्टायरीनचा (प्लास्टिकच्या पत्र्याचा) तळ आणि त्यावर ३ मिमीच्या ८४ आडव्या फळ्या. एकेक कापली, ब्रशने लिक्विड सिमेंट सोडून चिकटवली. दोन रविवार त्यातच गेले. झाला तेव्हा काचेवर ठेवून पाहिला, सुतासारखा सरळ. तीन आठवड्यांनी खोका उघडला तर दोन्ही टोकं वर आणि मधे झोळी! टोकाखालून २ मिमीची पट्टी आरपार जाते.

दुसरं दुखणं फटीचं. दोन फ्लॅट जोडले की मधे ९ मिमीची फट राहते. गाड्याचं पुढचं चाक साडेदहा मिमीचं, ते तिथे बरोबर बसकण मारतं. म्हणून पत्र्याच्या दोन पट्ट्या कापून फटीवर टाकल्या आणि दोन्हीकडे सुपरग्लूने पक्क्या केल्या. गाडा टुणकन पार झाला. मी खूश. मग गाडी वळणावर नेली आणि दोन्ही फ्लॅट एकदमच रुळाखाली. सुपरग्लू काय धरतो ते त्या दिवशी कळलं.

आणि जाता जाता: सनबर्स्ट चाकं एवढ्या बारीक मापात कोणी केलीत का?

जुना_फिटर

८४ फळ्या वाचलं तिथेच झोळी दिसली मला. लिक्विड सिमेंट हा गोंद नव्हे, ते स्टायरीन विरघळवतं आणि उडून जाताना तो भाग आक्रसतो. तू वरच्या अंगाला ८४ शिवणी घातल्यास आणि खालच्या अंगाला एकही नाही. प्रत्येक शिवण केसभर ओढते. ही ओढ कित्येक दिवस चालू राहते, म्हणून पहिल्या दिवशी काच खोटं बोलली.

तो फ्लॅट उलटा वाकवून सरळ करायच्या नादी लागू नकोस, मी लागलो होतो. गरम पाण्यात धरला आणि त्याची पन्हळ झाली.

नव्यात आधी कणा कर. जुने लाकडी फ्लॅट खाली लोखंडी ताणसळ्या लावून ताठ ठेवलेले असत. लोखंडी फ्लॅटचं पोटच मधे खोल आणि टोकांकडे निमुळतं. तुझाही मधे खोल असू दे. पितळेच्या ५ मिमी उंच दोन पट्ट्या उभ्या धरून लांबीभर इपॉक्सीने बसव आणि दर्शनी बाजूला स्टायरीनचं पोट कापून लाव. पितळेने वजनही खाली येतं, गाडी रुळावर बसून चालते. फळ्या खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या लाव, साध्या पांढऱ्या गोंदाने, तोही पुसटसा. गोंदातल्या पाण्याने लाकूड ओढ घेतं, म्हणून सुकेपर्यंत वर वजन ठेव. मधे कागदाच्या जाडीइतका उंचवटा आला तर येऊ दे, गाडे चढले की तो दिसत नाही.

आता पट्ट्या. चूक पट्टीत नाही, ग्लूमध्ये आहे. १८७२ साली डब्ल्यू. सी. कूप यांनी बार्नमची सर्कस रेल्वेवर चढवली. मग पद्धत बसली ती अशी: एका टोकाला रन, म्हणजे उतरत्या फळ्या, लावायच्या, गाडा त्यावरून वर घ्यायचा आणि फ्लॅटवरून फ्लॅटवर थेट पुढे ओढत न्यायचा. घोडे फ्लॅटच्या कडेने जमिनीवरून दोर ओढत, एक माणूस गाड्याची पुढची दांडी धरून दिशा देई. फटींवर लोखंडी पट्ट्या असत, पण त्या चढाई-उतराईपुरत्याच. त्यांच्यासकट गाडी धावायची म्हटली तर वळणावर जे तुझं झालं तेच. तेव्हा पट्ट्या सुट्या ठेव, चाकांच्या दोन ओळींखाली दोन. गाडी चालवताना काढून खिशात.

उतराईचा देखावा करणार असशील तर रनपाशी एक खुंटा ठेव. उतारावर गाडा सुटू नये म्हणून दोराला खुंट्याभोवती वेढे देऊन हळूहळू सोडत. आणि हातब्रेकचं चाक डेकच्या मधोमध उभं करू नकोस, तुझाच गाडा त्याला धडकेल.

माझी फजिती सांगतो. पाच गाडे रंगवून, अक्षरं काढून, वार्निश करून मग फ्लॅटवर मांडले. शेवटचा ४ मिमी बाहेर. गाड्यांची लांबी मोजली होती, दांड्यांची नाही! फोटो नीट पाहिले तेव्हा कळलं, दांडी पुढच्या गाड्याच्या पोटाखाली सरकवलेली असते. त्यासाठी पुढच्या गाड्याखाली जागा हवी. म्हणून रंगाआधी सगळे गाडे डेकवर मांड. पहिल्या फ्लॅटच्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत प्रत्येक गाडा हाताने लोटत ने. जो अडेल तो परत टेबलावर.

आरे_तुंबा

फिटरकाका, पन्हळ! चाकांचं मी सांगतो. सनबर्स्ट म्हणजे आऱ्यांच्या मधे पाचरीच्या आकाराच्या फळ्या भरून केलेलं चाक, तुंब्याकडून धावेकडे रंग बदलत जाणारं. पण आधी ठरव कुठे लावायचं. ती मिरवणुकीच्या आणि पिंजऱ्याच्या गाड्यांना शोभतात. सामानाच्या गाड्याला उघडे आरे ठेव, नाहीतर तंबूचे खांब वाहणारा गाडा नवरदेवासारखा दिसतो.

एचओत पाचरी वेगळ्या कापत बसलो असतो तर डोळे गेले असते. मी आऱ्यांचं चाक मागून जाड कागदाच्या चकतीवर चिकटवतो. चकती आधीच रंगवलेली: मध्याशी पांढरा, मग पिवळा, कडेला लाल. रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने आतून बाहेर ओढायचा, एकदाच. दुसऱ्यांदा ब्रश फिरला की सगळा चिखल. पहिल्या दहांत माझी चार वाया गेली. मागचं चाक पुढच्यापेक्षा मोठं असतं हेही विसरू नकोस. पुढचं लहान असतं म्हणून वळताना गाड्याखाली जातं.

मोठ्या_मापाचा

मला एचओ पटतच नाही. सर्कसची मजा दोरखंडात, साखळीत, कोरीवकामात आहे आणि ३ मिमीच्या फुलात काय कोरणार? हॉवर्ड टिबल्स या अमेरिकन मॉडेलकारांनी पाऊण इंचाला एक फूट, म्हणजे १:१६ मध्ये अख्खी सर्कस केली, गाडेच १५२. रिंगलिंग या बड्या अमेरिकन सर्कशीचं नाव वापरायला मिळालं नाही म्हणून स्वतःच्या नावाने 'हॉवर्ड ब्रदर्स' केलं. आज ती फ्लोरिडातल्या सारासोटाच्या रिंगलिंग म्युझियममध्ये आहे.

जुना_फिटर

आणि तिला ३,८०० चौरस फूट जागा लागते हेही लिही की. कातरकामचं टेबल केवढं आहे ते विचारलंस का?

कातरकाम

टेबल शिवणयंत्राचं आहे, दादा. एचओच बरं.

काका, जुना फ्लॅट मोडला. फळ्या खरवडल्या तर तळ जवळजवळ सरळ झाला, म्हणजे तुमचं निदान बरोबर. नवीन कणा पितळेचा, वर लाकडी फळ्या. या वेळी ८२च भरल्या, कारण पापुद्रा माझ्याकडून थोडा जाड-रुंद कापला गेला. मोजून पाहिल्याशिवाय कळणार नाही, त्यामुळे ठेवल्या तशाच. आज नववा दिवस. रोज सकाळी काचेवर ठेवून पट्टी सरकवून बघते, अजून कागदसुद्धा जात नाही. तीन आठवडे होईपर्यंत रंग लावणार नाही.

सामानाचे तीन गाडे पट्ट्यांवरून पार झाले. पिंजऱ्याचा अडला. त्याचा मागचा आख तिरका बसलाय, तो आज रात्री काढते. सनबर्स्टच्या सहा चकत्या केल्या, दोन बऱ्या आहेत. एवढं जमलं की वाघिणीवर वाघीण चढवून फोटो टाकते.