शब्दचर्चा : डॉल्फिन ‘पाळलेला’, ‘बंदिस्त’, ‘जेरबंद’ की ‘कोंडलेला’?

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. देवमासे आणि डॉल्फिन यांना करमणुकीसाठी तलावात ठेवणे योग्य आहे का, या विषयावर नववीच्या मुलांकडून निबंध लिहून घेतला, तेव्हा एकाच कृतीसाठी वह्यांमध्ये पाच निरनिराळी क्रियापदे आढळली : ठेवणे, पाळणे, बंदिस्त करणे, जेरबंद करणे आणि कोंडणे. एका मुलाने लिहिले आहे, “आमचा बैलही दावणीलाच असतो, मग डॉल्फिन पाळला तर काय चुकले?” या प्रश्नाने मी अडले आहे. आमच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांना योग्य शब्द मिळाला तरच विषयाचे गांभीर्य कळेल असे मला वाटते. कोणता शब्द नेमका मानावा?

प्रतिसाद (शेळीपालक, वाशीम जिल्हा)

ताई, आमच्या व्यवसायात ‘बंदिस्त शेळीपालन’ आणि ‘अर्धबंदिस्त शेळीपालन’ हे शब्द रूढ आहेत. प्राण्याला मोकळे न सोडता जागेवरच चारा-पाणी द्यायचे, एवढाच त्यांचा अर्थ. डॉल्फिनच्या बाबतीतही नेमके तेच घडते, म्हणून ‘बंदिस्त’ हाच शब्द वापरावा.

प्रतिसाद (निवृत्त तलाठी, चंद्रपूर जिल्हा)

भाऊ, ‘बंदिस्त’ चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. बंदिस्त गटार, बंदिस्त सभागृह, बंदिस्त शेळी, या सर्व ठिकाणी तो चार भिंतींचे वर्णन करून थांबतो. आत कोण आहे आणि त्याला तेथे काय होते, याविषयी तो काहीच सांगत नाही. ज्या निबंधाचा विषयच योग्य-अयोग्य हा आहे, त्यात असा निर्विकार शब्द चालणार नाही.

‘जेरबंद’ आपल्या जिल्ह्यांतील वर्तमानपत्रांनी घरोघरी पोहोचवला आहे, कारण माणसांवर हल्ले करणारा वाघ पकडला गेला की मथळा ठरलेला असतो. फारसी ‘जेर’ म्हणजे खाली आणि ‘बंद’ म्हणजे पट्टा. घोड्याने मान उडवू नये म्हणून त्याच्या तोंडाच्या साजापासून छातीखालून तंगापर्यंत बांधलेला पट्टा, हा त्याचा मूळ अर्थ. आज मात्र आरोपी जेरबंद होतो, नरभक्षक वाघ जेरबंद होतो. म्हणजे ज्याच्यापासून गावाला धोका आहे अशाच जिवासाठी आपण तो राखून ठेवला आहे. 1970 साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर तोकिताई नावाच्या ऑर्का मादीला (ऑर्का म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातील सर्वांत मोठी जात) लहान वयात जाळ्यात पकडले गेले, तेव्हा तिने कोणाचे काय बिघडवले होते? तिला पुढे मायामीच्या एका तलावात खेळ करण्यासाठी ठेवले आणि तेथेच 2023 च्या ऑगस्टमध्ये तिचा मृत्यू झाला. त्रेपन्न वर्षे! त्या किनाऱ्यावरील लमी हे आदिवासी लोक ऑर्कांना लाटांखालचे आपले नातलग मानतात आणि तिला परत आणावे म्हणून त्यांनी दीर्घकाळ आग्रह धरला होता. नातलगाला कोणी जेरबंद केले असे म्हणत नाही.

आता ‘पाळणे’. ताई, त्या मुलाचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला रागावू नये. आपण बैल पाळतो, तसाच शब्दही पाळतो, व्रतही पाळतो; म्हणजे या क्रियापदात पाळणाऱ्यावर बंधन येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला आपण बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या” असे म्हणतो आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. वेसण ओढली की बैलाला दुखते, हे मी नाकारत नाही आणि आपण त्याच्याशी नेहमी न्यायाने वागतो असाही माझा दावा नाही. तरीही हजारो वर्षे, पिढ्यानपिढ्या, तो माणसाच्या अंगणात जन्मला, आखरावरून चरायला गेला आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी गोठ्यात परतला. समुद्रातून पकडून आणलेल्या ऑर्काला परतण्यासाठी गोठा नाही. ज्या कळपातून तिला तोडले, तेच तिचे घर असते. अमेरिका आणि कॅनडाच्या त्या किनाऱ्यावरील मासे खाणाऱ्या ऑर्कांमध्ये मुलगे आणि मुली आयुष्यभर आईच्याच कळपात राहतात आणि प्रत्येक कळपाच्या हाकांची आपली स्वतंत्र धाटणी असते. तलावातच जन्मलेल्या पिल्लांना तरी पाळीव म्हणावे काय, असे कोणी विचारील. दोन-तीन पिढ्यांनी जात पाळीव होत नाही. फार तर ती पिल्ले माणसाळलेली असतात.

म्हणून माझे मत ‘कोंडणे’ या शब्दाला आहे. श्वास कोंडतो, मन कोंडते, कोंडमारा होतो. या धातूत भिंतही आहे आणि आतल्या जिवाची घुसमटही आहे. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही; प्रत्येक श्वास त्याला जाणीवपूर्वक पृष्ठभागावर येऊन घ्यावा लागतो आणि त्यासाठी झोपेतही त्याच्या मेंदूचा अर्धा भाग जागा असतो. तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भोवतालचे जग ओळखतो, आणि सिमेंटच्या भिंतींमध्ये त्या आवाजाला पोहोचायला दूरचे असे काही उरतच नाही. आपल्या गावच्या कोंडवाड्यालाही एक मर्यादा असते, कारण दंड भरला की मालक जनावर सोडवून नेतो. येथे दंड कोणी आणि कोणाकडे भरायचा?

याच संदर्भात आणखी एक शब्द मुलांना अवश्य सांगावा. 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून देशात डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रे उभारण्यास मनाई केली. डॉल्फिनच्या असाधारण बुद्धिमत्तेमुळे त्यांना मानवेतर व्यक्ती मानावे आणि करमणुकीसाठी कोंडून ठेवणे नैतिकदृष्ट्या अमान्य ठरावे, असे मत शास्त्रज्ञांनी मांडल्याचा उल्लेख त्या परिपत्रकात आहे. ‘मानवेतर व्यक्ती’ हे ऐकून अनेकजण दचकतात. मी मात्र नोकरीच्या काळात देवस्थानांच्या नावाचे कितीतरी सातबारे लिहिले आहेत. गावातला मारुती माणूस नाही, तरीही कायद्याच्या दृष्टीने तो व्यक्ती आहे, त्याच्या नावाने जमीन असते आणि त्याच्या वतीने दावा चालतो. ‘व्यक्ती’चा मूळ अर्थच जे प्रकट झाले ते, असा आहे. प्रत्येक बाटलीनाक्या डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते आणि इतर डॉल्फिन त्या शिळेवरून त्याला ओळखतात. मग त्याला व्यक्ती म्हणण्यात भाषेवर अन्याय होतो असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

दादा, बैलाविषयीचे आपले विवेचन मी वर्गात वाचून दाखवले. त्या मुलाने शांतपणे ऐकले आणि लगेच विचारले, “मग त्यांना सोडून का देत नाहीत?” येथे ‘सोडून देणे’ योग्य की ‘मुक्त करणे’?

उत्तर (निवृत्त तलाठी)

ताई, भाकड गाय किंवा म्हातारा बैल रस्त्यावर टाकून येणाऱ्यालाही आपण ‘सोडून दिला’ असेच म्हणतो, म्हणून हा शब्द जपून वापरावा. 1979 साली आइसलँडजवळ पकडलेल्या केइको नावाच्या ऑर्काला बरीच तयारी करून 2002 साली समुद्रात मोकळे केले. तो नॉर्वेच्या किनाऱ्यावर पोहोचला, पण तेथेही माणसांच्याच जवळ येत राहिला आणि डिसेंबर 2003 मध्ये मरण पावला. जो इतका माणसाळला आहे, त्याला नुसते मोकळे पाणी पुरत नाही. त्यामुळे जुन्या कैद्यांसाठी समुद्राचीच एखादी खाडी जाळीने राखून तेथे त्यांना आजन्म सांभाळावे, असा विचार पुढे आला आणि 2019 साली शांघायमधील दोन बेलुगा देवमासे आइसलँडच्या अशा खाडीसाठी हलवण्यात आले. या जागेला अनेकजण ‘अभयारण्य’ म्हणतात. मला ‘पांजरपोळ’ अधिक जवळचा वाटतो, कारण तेथे आलेल्या जनावराकडून कोणी काम घेत नाही आणि नवे जनावर पकडूनही आणत नाही. कॅनडाने त्याच वर्षी केलेल्या कायद्यातही हाच भेद आहे : आधीपासून असलेल्यांना सांभाळता येते, जखमींना वाचवता येते, पण करमणुकीसाठी नवा जीव कोंडता येत नाही. मुलाला ‘सोडून देणे’ खोडायला लावू नका. त्याच्या शेजारी ‘सांभाळणे’ लिहायला सांगा.