मदत हवी आहे: फॉरेस्ट्रीसाठी शिरसी की दापोली? (मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली)

नमस्कार मंडळी,

पुतणीसाठी विचारतोय. पीयूसी सेकंडला (म्हणजे बारावीला) आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायोलॉजी घेऊन. दहावीपर्यंत मराठी मीडियम. गाव जांबोटीच्या पलीकडं, जंगलाला लागून. तिला बीएससी फॉरेस्ट्रीच करायचीय. घरचे वर्षभर नर्सिंग-नर्सिंग करून थकले, आता गप्प आहेत.

हे खूळ आलं कुठून तेही सांगतो. दोन वर्षांमागं भात कापणीला आलं आणि गवे शिरले. एका रात्रीत पाऊण शेत आडवं. पंचनाम्याला गार्ड आला, तो कन्नडमधून लिहून घेत होता. बांधावरचं झाड दाखवून म्हणाला मत्ती. आमचा भाऊ आधीच तापलेला, म्हणाला मत्ती-बित्ती काय नाही, ऐन आहे तो. पीक राहिलं बाजूला, झाडावरनं जुंपली. शेवटी पोरगी मधे पडली, "अहो तेच ते. त्यांची मत्ती म्हणजे आपला ऐन, त्यांचा नंदी म्हणजे आपला नाणा." गार्डला हसू आलं. तेव्हापासनं तिच्या वहीत प्रत्येक झाडाची दोन-दोन नावं. माझी मेजर टेप पण तिनंच ढापलीय, परसातल्या फणसाचा घेर मापत असते. (मी उद्यमबागेत लेथवर असतो. टेपशिवाय माझे हाल होतात, पण ते असो.)

आता अडचण. शिरसीचं फॉरेस्ट्री कॉलेज धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं, लोंढा-दांडेली-यल्लापूर करत जाता येतं. दापोलीचं कॉलेज कोकण कृषी विद्यापीठाचं, म्हणजे कोल्हापूर, कराड, मग घाट उतरून चिपळूण. लांब आहे, पण मराठी मुलूख. भावाला दापोली हवी. मला वाटतं शिरसी, कारण पुढं नोकरी याच जंगलात करायची तर इथलंच शिकलेलं बरं. पण पोरीचं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहिताना अडखळते. वर्गात निभेल का?

आणखी एक. बेळगावात एका ॲडमिशनवाल्या ऑफिसात गेलो होतो. त्यानं पाच मिनिटांत सीट पक्की केली, बीएससी एन्व्हायर्नमेंट, प्रायव्हेट कॉलेज, "फॉरेस्ट्रीच्या बरोबरीचंच हो काका." टोकन भरा म्हणाला. पोरगीनं विचारलं, फील्डवर किती दिवस नेता? त्यानं पंख्याचा स्पीड वाढवला. आम्ही उठून आलो. पण खरंच बरोबरीचं असतं का ते?

आणि आमचं गाव महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांत येतं. त्याचा दापोलीसाठी काही उपयोग?

*

मत्तीवाला: काका, मी शिरसी कॉलेजचाच. मूळ गाव नंदगडजवळ, मराठी शाळेतलाच. आधी भाषेचं सांगतो. शिकवणं, पेपर सगळं इंग्रजीत, कन्नड लागतं ते मेसमध्ये आणि फील्डवर. सहा महिन्यांत जीभ वळते. खरं कन्नड लागेल ते नंतर, राज्याच्या भरतीत, तिथं सुटका नाही. म्हणून लिहायची सवय आत्तापासून लावा.

कोर्स चार वर्षांचा. झाडओळख, वनसंवर्धन, मृद-जलसंधारण, वन्यजीव, लाकूडशास्त्र, शेवटी फील्डवरचं काम. पुतणीला सांगा, घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मापतात, छातीच्या उंचीला. आत्तापासनं तसंच मापू दे. आणि वहीत तिसरा कॉलम आखू दे, शास्त्रीय नावाचा. मत्ती-ऐनचं भांडण तिथं मिटतं.

त्या ऑफिसवाल्याचं ऐकू नका. कर्नाटकात रेंज फॉरेस्ट ऑफिसरच्या भरतीत फॉरेस्ट्रीवाल्यांचा वेगळा वाटा असतो. तो किती टक्के असावा यावरनं आमची पोरं रस्त्यावर उतरलीत. एन्व्हायर्नमेंटची डिग्री त्या वाट्यात धरत नाहीत.

प्रवेश केसीईटीवर, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीवर. कर्नाटकात ७ वर्षं शिकलेली आहे म्हटल्यावर पात्रतेचा प्रश्न नाही. शेतकरी कोट्यातनं पण फॉर्म भरा, त्याची प्रॅक्टिकल परीक्षा वेगळी असते. शेतातली पोरगी आहे, घाबरायचं कारण नाही. कोडगूतल्या पोन्नंपेटला पण फॉरेस्ट्री कॉलेज आहे, ऑप्शन भरताना तेही टाका.

करवीरची: दापोलीसाठी एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची सीईटी, पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुप. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'ई' टाइप असतो. त्याला दोन दाखले लागतात, गाव वादग्रस्त सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्ही आत्ताच काढून ठेवा, आणि कृषीच्या यंदाच्या माहितीपुस्तिकेत तो टाइप कसा धरलाय ते फॉर्म भरण्याआधी बघा. फॉर्म दोन्हीकडचे भरा, दादा. एकीकडं हुकलं तर वर्ष जायला नको.

आणि दोन्हीकडं नाहीच लागलं तर रडत बसू नका. साधी बीएससी, बॉटनी-झूलॉजी घेऊन, कोल्हापुरात नाहीतर बेळगावात. आयएफएसच्या (भारतीय वन सेवेच्या) परीक्षेला ती पदवी चालते. डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटला पुढं एमएससी करता येते, तिथं बीएससी नाहीच मुळात. माझी मैत्रीण याच वाटेनं गेली.

*

(मूळ प्रश्नकर्ता) दोघांचे आभार. घरी वाचून दाखवलं. भाऊ दापोलीवरून हललेला नाही, पण दोन्ही फॉर्मना हो म्हणाला, हेही कमी नाही. पोरगीनं तिसरा कॉलम आखला, टेप काही परत दिली नाही.

शेतकरी कोट्याचं बघायला उतारा काढला तर जमीन अजून आजोबांच्याच नावावर. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली, वारसा नोंद कुणी केलीच नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये झालं, तेव्हा गावात कागदांची एवढी पळापळ झाली, तरी आमचं घर तसंच राहिलं. सोमवारी सुट्टी टाकून नाडकचेरीला (महसूल खात्याच्या इथल्या ऑफिसात) जातोय. खानापूर तालुक्यात वारसा नोंदीला सध्या किती दिवस लागतात? केसीईटीच्या आत होईल का? अलीकडं कुणी केली असेल तर लिहा.