मदत हवी आहे: स्कॉचचं बूच मानेतच तुटलं

मंडळी, 2014 ला ड्यूटी फ्रीमधून आणलेली सिंगल माल्ट व्हिस्की काल उघडायला गेलो तर बूच मधोमध तुटलं, अर्धं मानेत अडकलंय नि भुसा आत तरंगतोय. चूक माझीच, वाइनसारखी आडवी ठेवली होती, 46 टक्के अल्कोहोल बूच खातं हे आत्ता कळतंय. बाकीच्या अकरा लगेच उभ्या केल्या. आता कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळली तर चव जाईल का, की चहाची गाळणी बास? रिकाम्या बाटलीचं जुनं बूच धुऊन लावू की सरळ छोट्या बाटल्यांत भरू, म्हणजे हवा कमी लागेल? आणि मुंबईच्या दमटपणात लेबलांवर बुरशीचे ठिपके आलेत, क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) गुंडाळलेली चालते का? अनुभव असेल त्यांनीच सांगा, 'पिऊन टाक' हा सल्ला घरून मिळालाय.