मदत हवी आहे: आई-अण्णा नेपाळ यात्रेला निघालेत, तिथे पुन्हा गडबड झाली तर?

मिरजेची_लेक

माहेर तासगाव, राहते मिरजेत. कार्तिकी झाली की आई-अण्णा पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथला निघालेत. सोबत गावातलं भजनी मंडळ आहे, यात्रा नेणारे गृहस्थही ओळखीचेच. दिल्लीहून विमानाने काठमांडू, बसने पोखरा, पुढे जोमसोम. पैसे गणपतीच्या आधीच भरून झालेत. त्यानंतर ८ सप्टेंबर २०२५ ला तिकडे तरुणांचं जे आंदोलन पेटलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. पहिल्याच दिवशी १९ जण गेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींचा राजीनामा, सिंहदरबार या सरकारी सचिवालयाला आग, विमानतळ बंद.

मग सुशीला कार्कींचं अंतरिम सरकार आलं, ५ मार्च २०२६ ची निवडणूक जाहीर झाली, वरवर तरी सगळं शांत झालं. यात्रावाल्यांना विचारलं तर म्हणतात, "काही होत नाही ताई, देवाच्या दारात चाललोय." रद्द केलं तर भरलेले पैसे बुडाले. आणि अण्णांना "जाऊ नका" सांगून उपयोगच नाही. बागेच्या छाटणीनंतरचं सगळं भावावर सोपवून ते मोकळे झालेत, बॅगा माळ्यावरून खाली आल्यात.

त्यामुळे जावं की न जावं, हे विचारत नाहीये. तिथे असताना पुन्हा कर्फ्यू लागला, नेट गेलं, तर सत्तरीतली दोन माणसं, त्यात अण्णांना इन्सुलिन, कशी निभावतील? आणि आम्ही इथे बसून आधी काय करून ठेवावं? तिकडचा अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

हरिपूरचा_घाट

मुक्तिनाथ कुठं पळून जातंय का? यंदा पंढरपूरला न्या, पुढच्या वर्षी नेपाळ बघू.

मिरजेची_लेक

हे अण्णांना तुम्हीच सांगा, मी फोन लावून देते :)

गलाईवाला_विटा

ताई, आमच्या भावकीचं गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) दुकान काठमांडूत आहे, त्या आठवड्यात मी तिथंच होतो.

पहिली गोष्ट, काय चाललंय बघायला खाली उतरायचं नाही. आपल्या माणसांना ही लई खोड. समोरच्या लॉजवरचे यात्रेकरू गॅलरीत उभे राहून मोबाईलवर शूटिंग करत होते, खालून पोरं वर बघून ओरडायला लागली. लॉजवाल्यानं अक्षरशः हात जोडून त्यांना आत घेतलं आणि पडदे ओढले. भारतीय दूतावासही तेव्हा हेच सांगत होता की आहात तिथेच थांबा, रस्त्यावर येऊ नका.

दुसरं, पळत सुटायचं नाही. विमानतळ बंद झाला म्हणून काही जण मिळेल त्या गाडीनं सीमेकडं निघाले. पशुपतिनाथहून परतणाऱ्या आपल्या यात्रेकरूंची एक बस वाटेत फोडली, सामान लुटलं. विमानतळ मात्र १० तारखेला परत चालू झाला. जी माणसं खोलीत गप बसली ती विमानानं घरी आली. रस्त्यानं यायचीच पाळी आली तर पोखऱ्याहून सुनौलीची सीमा सोयीची, पुढं गोरखपूरहून कुशीनगर एक्स्प्रेस थेट कल्याणला येते. पण रस्ते निवळल्यावर आणि दिवसाउजेडी.

मुक्काम कुठं आहे ते यात्रावाल्याकडनं लिहून घ्या. नवीन बानेश्वर, मैतीघर, सिंहदरबार हा पट्टा नको, मोर्चे तिकडंच निघतात. गौशाळा भाग बरा, देऊळ जवळ आणि विमानतळही जवळ. मोठं हॉटेल म्हणजे सुरक्षित असं काही नाही. हिल्टन जळालंच की. आणखी एका मोठ्या हॉटेलला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरनं उतरताना आपल्याकडच्या एका बाईंचा जीव गेला. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची खोली मागा. जिना कुठं आहे ते पोचल्या दिवशीच चालून बघायला सांगा.

मिरजेची_लेक

दादा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि फोनचं काय? आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं.

गलाईवाला_विटा

ते सगळ्यात आधी जातं. दंगलीच्या आधीच, ४ सप्टेंबरला, सरकारनं फेसबुक, व्हॉट्सॲप धरून २६ ॲपवर बंदी घातली होती आणि पोरं त्यावरनंच पेटली. साधा कॉल लागत होता. विमानतळावरच एनसेल किंवा नमस्तेचं सिम घ्यायला लावा, इथलं सिम रोमिंग चालू केल्याशिवाय तिथं मुकं. नंबर कागदावर, मोठ्या अक्षरात. रोज रात्री ठरल्या वेळेला एक फोन, एवढं ठरवून ठेवा. फोन नाही आला तर लगेच घाबरायचं नाही, सकाळपर्यंत थांबायचं, हेही ठरवा.

पैसे रोख असू द्या. क्यूआरनं पैसे जातात तिकडं, पण नेट गेल्यावर काय करणार? शंभरच्या नोटांचं बंडल न्या, त्या चालायला कुठं अडचण नाही.

औषधवाला_विश्रामबाग

इन्सुलिनबद्दल. यात्रेला लागेल त्याच्या दुप्पट द्या, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत. विमानात हातातल्या बॅगेत, लगेजमध्ये टाकू नका, तिथे गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, त्यावर औषधाचं मूळ नाव, कारण ब्रँड तिकडे वेगळा असतो. सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या लोक हमखास विसरतात. खोलीत अडकल्यावर जेवणाची वेळ पुढे-मागे होणार, त्यामुळे शुगर उतरली तर म्हणून ग्लुकोज, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू उशाशी हवेत. आणि मुक्तिनाथ सुमारे ३७०० मीटरवर आहे. दंगलीपेक्षा मला त्याचीच काळजी जास्त वाटते. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

कृष्णाकाठ

प्रवास विमा काढा, पण "दंगल झाली तर पैसे परत" या आशेवर नको. बऱ्याच पॉलिसींत युद्ध आणि नागरी अशांतता वगळलेली असते. दवाखान्याचा खर्च आणि आजारपणात परत आणण्याची सोय, यासाठी घ्या. मधुमेह लपवू नका, नाहीतर क्लेम अडकतो.

तिकिटाच्या छापील प्रती द्या. बंदोबस्तावरच्या जवानाला बंद पडलेल्या फोनमधलं तिकीट दाखवता येत नाही. काठमांडूतल्या आपल्या दूतावासाचे नंबर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, ग्रुपवर फिरणारे नकोत. ओळखपत्र कोणतं नेणार आहेत?

मिरजेची_लेक

आधार. यात्रावाले म्हणाले चालतं.

कृष्णाकाठ

नुसत्या आधारवर भिस्त ठेवू नका. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, ही दोन बिनधोक.

मिरजेची_लेक

पासपोर्ट दोघांचाही नाही. अण्णांचं मतदान कार्ड ठीक आहे. आईच्या कार्डावर नाव "आक्काताई" आणि विमानाचं तिकीट आधारप्रमाणे "लक्ष्मीबाई" असं काढलंय. आता कार्ड दुरुस्त करू की तिकीट?

कृष्णाकाठ

तिकीट. कार्डासाठी फॉर्म ८ भरावा लागेल, तो वेळेत होईलच असं नाही. उद्या सकाळीच यात्रावाल्यांना फोन करा, आणि बदललेलं तिकीट हातात पडेपर्यंत त्यांच्या "हो-हो"वर जाऊ नका.