प्रतिसाद: लातूरचा हॅकर काली वापरणार नाही

लातूरच्या पिक्चरमधला हॅकर कुठली ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) वापरेल, या चर्चेत वर एकानं लिहिलंय की सिनेमातला हॅकर म्हणजे काली लिनक्सच. मला नाही पटत. २०१३ साली आलेली काली, त्याआधीचं बॅकट्रॅक, ही हॅकिंगच्या अवजारांनी भरलेली लिनक्स, म्हणजे अवजारांची पेटी. काम असलं की उघडायची. रोजचं बिऱ्हाड तिच्यात कोण थाटतं?

आणि खरं सांगायचं तर ओएसपेक्षा पडद्यावर काय दिसतं ते बघा. 'ज्युरासिक पार्क'मधल्या त्या उडत्या थ्रीडी फाइल ब्राउझरला लोक अजून हसतात, पण ते सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचं खरंखुरं सॉफ्टवेअर होतं, युनिक्सवरच (लिनक्स ज्या धाटणीची आहे ती जुनी ओएस) चालणारं. 'मेट्रिक्स रीलोडेड'मध्ये (२००३) ट्रिनिटी चक्क एनमॅप (नेटवर्कवरच्या कंप्युटरचे उघडे पोर्ट, म्हणजे आत शिरायची दारं, शोधणारं खरं अवजार) चालवते, २२ नंबरचं पोर्ट उघडं सापडतं. आता एनमॅप काय, विंडोजवरही चालतं, त्याला कालीच पाहिजे असं नाही.

आपल्या लातूरच्या पिक्चरमधला हिरो मला असा दिसतो: चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, बॅटरी मेलेली, म्हणून इन्व्हर्टरच्या पिनला चिकटून बसलेला. त्यावर साधं डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (काली तरी शेवटी डेबियनवरच उभी आहे की!). काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि मागून आईचा आवाज, "लाईट गेली तरी काय करू लालास रे?"

आणि हो, ड्युअल बूटमध्ये (एकाच लॅपटॉपवर दोन ओएस) विंडोज लागणारच. बापाचं झेरॉक्सचं दुकान. अर्ज श्रीलिपीत (विंडोजवरचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप करून पाहिजेत, तिथं पोराचं लिनक्स कोण विचारतो?