2012 ची बोलेरो पिकअप दीड-दोन इंच उचलायची आहे: पाटा वाढवू, शॅकल बदलू की टायर?

सुकीकाठ (रावेर) यांचा प्रश्न

राम राम मंडळी.

गाडी 2012 ची बोलेरो पिकअप, टू-व्हील ड्राइव्ह, एमएच 19 पासिंग. पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच, म्हणजे पोलादी पट्ट्यांचे कमानी स्प्रिंग. टायर 215/75 आर 15. काम एकच, बागेतून केळी काढून डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत पोचवायची, कधी थेट सावद्यापर्यंत. कागदावर सव्वा टन. भरते किती ते विचारू नका.

अडचण वाटेची आहे. डांबरी सोडली की पुढे सगळी काळी माती. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल पाडल्यात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. पुढे नाल्यावर फरशी आहे. ती ओलांडून पलीकडचा चढ घेताना मागचा बंपर टेकतो. रिकामी असली तर टेकत नाही, भरली की टेकतो. त्यात मागची डावी बाजू थोडी बसलेली दिसते. ड्रायव्हर म्हणतो, माझ्या वजनानं बसली असेल. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, हे त्याला सांगून झालं आहे.

तीन सल्ले मिळाले. भुसावळच्या कमानपाटेवाल्यानं सांगितलं, मागे दोन-दोन पाटे वाढवू आणि चारही शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) लांब टाकू, चार इंच उचलून देतो. जळगावात एकानं एक्सल आणि पाट्यामध्ये तीन इंचाचे ठोकळे बसवायचे 18 हजार सांगितले, एक्सल पाट्याला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टसकट. पुतण्याला मोबाईलवर दिसतात तसले जाड, खोल खाचांचे टायर हवेत.

मला गाडी मिरवायची नाही. दीड-दोन इंच मिळाले तरी पुरे. पण घड उंच रचलेले असतात, वळणावर गाडी झोकांड्या खायला नको. आणि पाटे फार कडक झाले तर फण्यांना मार लागतो. डाग आज दिसत नाही, दोन दिवसांनी काळा पडतो आणि व्यापारी भाव तोडतो. दिवाळीनंतर आरटीओची फिटनेस तपासणी आहे. आधी हात कशाला घालू?

---

धुळ्याचा पाटेवाला

आधी हात खिशाला नको, टेपला घाला.

गाडी सपाट सिमेंटवर उभी करा, हवा सारखी भरा. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि लिहून ठेवा. एकदा रिकामी, एकदा भरलेली. डाव्या-उजव्यात फरक निघाला की उंची वाढवायचा विषय बाजूला ठेवायचा. तिथं उंची गेलेली आहे, ती आधी परत आणायची. इतक्या जुन्या, भार वाहणाऱ्या गाडीचे पाटे बसलेलेच असतात. लोक दोन इंच लिफ्ट मागायला येतात, आणि नवा सेट बसवला की कंपनीचीच उंची परत मिळते. ती बऱ्याचदा पुरते.

दुसरं, घासतं नेमकं काय? पोट म्हणजे बरंच काही असतं. चुना पातळ कालवा आणि मागच्या डिफरन्शियलच्या (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) खाली, पुढच्या एक्सलला, सायलेन्सरला, स्टेपनीच्या कॅरिअरला ब्रशनं फासा. वाळू द्या. एक फेरी मारून या. चुना जिथला पुसला, तिथं तुमचा प्रश्न.

हे का सांगतो? पाटा वाढवा, शॅकल लांब करा, ठोकळा टाका, त्यानं चेसिस आणि हौदा वर जातो. एक्सल आणि डिफरन्शियल चाकाबरोबर जमिनीपासून आहे तिथंच राहतं. ते उचलायला एकच उपाय, मोठं टायर, आणि तेही व्यासात जेवढं वाढेल त्याच्या निम्मंच. तेव्हा चुना डिफरन्शियलवरचा पुसला असेल, तर 18 हजार घालूनही उंचवटा तिथंच घासणार. बंपरचं वेगळं. तो चेसिसवर आहे, पाट्यानं नक्की वर जाईल.

आता सल्ल्यांकडे.

ठोकळे. मागच्या एक्सलवर एक लहान ठोकळा अनेक कंपन्या स्वतःच देतात, त्यात वावगं नाही. पण तीन इंचाचा, तोही सव्वा टनाच्या गाडीला? एक्सल पाट्यापासून जितका लांब जातो, तितका गिअर टाकून जोर दिल्यावर तो पाट्याला पिळतो. पाटा इंग्रजी एस सारखा वाकतो, मग गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस जातात, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नाही. आणि पुढच्या एक्सलला ठोकळा कुणी टाकतो म्हणाला तर चहासुद्धा पिऊ नका त्याच्याकडे. ब्रेकचा बहुतेक जोर पुढे येतो.

लांब शॅकल. शॅकल दोन इंचानं वाढवलं तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. त्याबरोबर एक्सल थोडा फिरतो. मागे पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियलला शाफ्ट जिथं जोडतो तिथलं, तोंड वर होतं आणि एका ठरावीक स्पीडला शाफ्ट थरथरायला लागतो. पुढे कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं वळतात त्या आसाचा मागेपुढे कल, बदलतो, स्टेअरिंग सैल लागतं, गाडी रस्त्यावर फिरत चालते. लांब शॅकल बाजूलाही जास्त झुकतं. उंच रचलेल्या घडांना तेच नको.

जास्तीचे पाटे. मुख्य पाट्याच्या खाली लांब, कमान असलेला एक पाटा घातला तर उंची मिळते आणि ताकदही. सगळ्यात खाली आखूड, जाड, सरळ पाटा घातला तर रिकामी गाडी उचलत नाही, फक्त भार पडल्यावर तो कामाला लागतो. बसणारी गाडी भरल्यावरच टेकते, म्हणून तुमच्या कामाचा खरं तर हा दुसरा. पण दोन-दोन वाढवले तर अर्ध्या भारात गाडी दगडासारखी आपटेल आणि फण्या काळ्या होतील. तुम्ही स्वतःच लिहिलंय ते.

राहिलं जुन्याच पाट्यांना कमान मारणं. स्वस्त पडतं. पण नुसतं हातोड्यानं ठोकून वाकवलेला पाटा एका हंगामात परत बसतो. भट्टीत तापवला तर त्याला नीट पाणी द्यावं लागतं (झटकन थंड करून कडक करणं) आणि नंतर पुन्हा थोडं तापवून तो कडकपणा जरा उतरवावा लागतो, नाहीतर एकतर मऊ राहतो किंवा काचेसारखा तडकतो. हे व्यवस्थित करणारे आग्रा रोडवर थोडे उरलेत. मी असतो तर मागचा सेट नवा घेतला असता, बुश आणि शॅकल पिनसकट.

---

शहादा फोर बाय फोर

माझ्याकडे टाटाची झेनॉन पिकअप आहे. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे पाटे. धडगाव, तोरणमाळकडे जाणं असतं. माझ्यासारखी गाडी असलेला कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो, प्रश्नकर्त्याला हे लागू नाही.

टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की पुढची बाजू फुकटात वर येते, म्हणून सगळे तेच करतात. बार त्यानं कडक होत नाही, फक्त गाडी वरच्या जागी उभी राहते. म्हणजे चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते. फार आवळलं की खड्ड्यातून उठताना शॉकअप पूर्ण ताणून टोकाला ठोकतो आणि फोर बाय फोरमध्ये पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे रबरी बूट फाटतात. इंचभर घेतला, लगेच अलाइनमेंट केली, तिथंच थांबलो. अलाइनमेंट न करता पळवली तर टायरची एक कड खाल्ली जाते.

आणि सुकीकाठ भाऊ, ट्रॅक्टर तुमच्या गावात आहेतच. मधला उंचवटा ब्लेडनं ओढून घ्या ना.

---

चोपडा वाहतूक

टायरचा हिशेब मी करून देतो. 215/75 आर 15 चा व्यास साधारण 703 मिलिमीटर. 235/75 आर 15 घेतलं तर 733. म्हणजे गाडी आणि डिफरन्शियल 15 मिलिमीटर वर, अर्ध्या इंचापेक्षा जरा जास्त. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 62-63 वर असेल. तेवढ्यानं आभाळ कोसळत नाही, पण भरल्या गाडीला चढावर पहिला गिअर जड जाणवेल. यात मोठी मेख अशी की त्या मापाची बरीच टायरं एसयूव्हीची असतात, भाराची नसतात. टायरच्या कुशीवर भाराचा आकडा लिहिलेला असतो. तो आत्ताच्यापेक्षा कमी असेल तर दुकानदारानं फुकट दिलं तरी घेऊ नका. पुतण्याच्या खोल खाचांच्या टायरांत तर काळी माती भरते आणि ती गुळगुळीत होतात, आपल्याकडच्या गाऱ्यात त्यांचा रुबाब दहा मिनिटांचा.

कागदाचंही पाहा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. कंपनीच्याच मापाचा नवा पाट्यांचा सेट ही दुरुस्ती झाली, तिला कुणी बोट लावत नाही. चार इंच उचललेली पिकअप मात्र इन्स्पेक्टरला गेटवरूनच दिसते. अपघात झाला तर विमा कंपनीलाही दिसते.

---

सुकीकाठ (रावेर)

धुळेकर भाऊ, चुना फासला. पोरं म्हणाली गाडी लग्नाला चालली का.

डिफरन्शियलवरचा थोडा पुसला, सायलेन्सरच्या पट्टीवरचा सगळा गेला. पुढचा एक्सल स्वच्छ पांढरा. रिकाम्या गाडीत मागे डावीकडे उजव्यापेक्षा सव्वा इंच कमी निघालं, भरल्यावर दोन इंच. मग चाक काढून नीट पाहिलं. डाव्या बाजूचा वरून दुसरा पाटा सेंटर बोल्टपाशी तुटलाय. चिखलात भरलेला होता म्हणून दिसतच नव्हता. ड्रायव्हर आता सगळ्यांना सांगतोय, मी म्हटलं होतं.

ठरलं ते असं. मागचे दोन्ही सेट कंपनीच्या मापाचे नवे, खाली एकेक आखूड भाराचा पाटा. शॅकल मूळ मापाचीच, बुश नवे. सायलेन्सरची पट्टी वर घेऊन वेल्डिंग. टायर तीच, झिजतील तेव्हा पाहू. पुढे हात लावत नाही. उंचवट्यासाठी शेजाऱ्याशी बोललोय, वाफसा आला की ब्लेड फिरवतो म्हणाला. भुसावळवाला थोडा नाराज झाला.

फक्त एक सांगा, एकाच बाजूचा सेट बदलला तर चालेल का? उजवा ठीक दिसतो.

---

धुळ्याचा पाटेवाला

चालत नाही. उजवा दिसतो ठीक, पण तोही तितकाच थकलाय, आणि डाव्याचा भार इतके दिवस तोच ओढत होता. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी आता उजवीकडे बसेल. जोडीनंच घ्या. उजव्यातले चांगले निघालेले पाटे ठेवून द्या, गावात कुणाच्या तरी ट्रॉलीला लागतील.

बसवताना समोर उभे राहा. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच, जुने ताणलेले असतात. एक्सल आणि पाट्याची बैठक घासून साफ करायला लावा, मधे माती राहिली की बोल्ट सैल होतो. शॅकल आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर लटकत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. ब्रेकचा रबरी पाइप चाक लटकलेलं असताना ताणत नाही ना, तेही बघा.

शेवटचं, आणि हे पाटेवाले विसरतातच. मागच्या एक्सलवरून चेसिसकडे एक बारीक सळई जाते का ते बघा, तिच्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती दबली त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. बसलेल्या पाट्यांवर कुणी ती सळई जुळवली असेल, तर नव्या पाट्यांनी मागची बाजू उचलली की व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजेल आणि भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतील. सळई पुन्हा जुळवायला लावा. त्याच दिवशी हेडलाइटचा झोतही भिंतीवर बघून घ्या.

पहिले दोन-चार भार वाहून झाले की गाडी भरलेली असतानाच यू-बोल्ट परत आवळून घ्या.